दुसऱ्या घरी दोन रात्री: विसावा सेवेविषयी पालकांसाठी माहिती

मे महिन्याची सुट्टी लागली की भाचरं आजोळी येतात, शेजारची मुलं मामाकडे जातात. आपला मुलगा मात्र विशीत आला तरी आईवडिलांवाचून एक रात्र कुठे राहिलेला नसतो. नातेवाईक माया करत नाहीत असं नाही. त्याला फिट आली तर काय करायचं, मध्यरात्री उठून तो दाराची कडी काढायला लागला तर कसं आवरायचं, या धास्तीनं कुणी "राहू दे की आमच्याकडे" म्हणत नाही आणि आपल्यालाही विचारवत नाही. मग घरात मोतीबिंदूचं ऑपरेशन असो की पुतणीचं लग्न, आईबाबांपैकी एक जण मागे राहतो. वर्षानुवर्षं.

अशा घरांसाठी आम्ही सहकारनगरातल्या एका बैठ्या घरात विसावा सेवा चालवतो. इंग्रजीत तिला रेस्पाइट केअर म्हणतात. बौद्धिक अक्षमता, डाऊन सिंड्रोम, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेली १४ ते ३० वर्षांची मुलंमुली आमच्याकडे एका दिवसापासून सात रात्रींपर्यंत राहतात. एका वेळी सहा जण, त्याहून जास्त नाही. इंग्लंडमध्ये अपंग मुलांच्या पालकांसाठी अशा विसाव्याची सोय करणं एप्रिल २०११ पासून स्थानिक प्रशासनावर कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची 'समर्थ' (आता 'समर्थ-कम-घरौंदा') योजना अशा कामासाठी आहे, पण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच पालकांनी तिचं नाव ऐकलेलं नसतं.

चांगली सेवा कशी ओळखायची

घर बघायला येणारे पालक आधी फरशी बघतात, मग कॅमेरे कुठे आहेत ते विचारतात. स्वच्छता हवीच. पण आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: इथे मुलाला नुसतं ठेवून घेतात, की तो इथे राहतो? जेवू घातलं, झोपवलं, परत दिलं, एवढ्यानं आईला दोन दिवस मिळतात, पण तिचा जीव घरी टांगलेलाच राहतो. मुलगा दुसऱ्या वेळी आपणहून चपला घालून निघाला, तरच आईला खरी झोप लागते.

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. आमच्यापैकी एकीचा भाऊ बौद्धिक अक्षम आहे आणि त्याला फिट्स येतात. वडिलांच्या आजारपणात त्याला चार दिवस एका ठिकाणी ठेवलं होतं. जागा नवी, माणसं बोलायला गोड. घरी आणल्यावर बॅग उघडली तर गोळ्यांची पाकिटं जवळपास भरलेली. आठ वेळा द्यायची गोळी तीनदाच दिली गेली होती. दुसऱ्या रात्री त्याला लागोपाठ दोन फिट्स आल्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. गोळ्यांचं काम नेमकं कुणाचं, हेच तिथे ठरलेलं नव्हतं.

म्हणून आमच्याकडे गोळ्या तुमच्यासमोर मोजून घेतल्या जातात आणि तुमच्यासमोर मोजून परत दिल्या जातात. प्रत्येक वेळेला देणाऱ्याची सही आणि घड्याळातली वेळ वहीत लिहिली जाते. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर साधं खोकल्याचं औषधही आम्ही देत नाही. 'शांत राहावा म्हणून' झोपेची गोळी देण्याचा प्रश्नच नाही. कुठल्याही ठिकाणी जा, 'झोपेची गोळी देता का' हा एक प्रश्न जरूर विचारा.

फिट आली तर काय करायचं, हे स्वयंपाकाच्या मावशींपासून रात्रपाळीच्या दादापर्यंत प्रत्येकाला करून दाखवता येतं. वेळ बघायची, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या वस्तू दूर करायच्या. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन आणि लगेच तुम्हाला. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो सोबत द्या आणि कधी मारायचा ते लिहून द्या.

त्याची भाषा

दाखल होण्याआधी आम्ही तुमच्याबरोबर तासभर बसून एक ओळखवही भरतो. फॉर्मवरची माहिती तर हवीच, पण त्यापलीकडचंही हवं असतं. 'बा' म्हणजे पाणी की बाबा? वरणभात कालवून द्यायचा की वेगवेगळा? कुकरच्या शिट्टीला तो कान झाकतो का? चिडला की त्याला एकटं सोडायचं, की जवळ बसायचं? एका मुलीच्या वहीत तिच्या आईनं लिहिलं होतं, 'पोट दुखलं की ती सांगत नाही, फक्त ओढणी चावते.' ही ओळ आम्हाला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडली.

ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर येतं. अचानक डोकं आपटायला लागला, जेवण ढकललं, की आम्ही आधी दात, कान, पोट बघतो. बद्धकोष्ठता तर फार जणांना असते. 'हट्टी आहे' हा शेरा आमच्या वहीत चालत नाही. बांधून ठेवणं, खोलीत कोंडणं, जेवण रोखणं यांतलं काहीही कुणी केलं तर त्याची नोकरी त्याच दिवशी जाते.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना ताठ बसवूनच भरवतो, घाई न करता. आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. एका जेवणाला कधी पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात भरवणाऱ्याच्या हातात मोबाइल नसतो.

मुलींची आंघोळ, कपडे, पाळीच्या दिवसांतली काळजी फक्त ताईच घेतात. मुलग्यांनाही आंघोळीला दार लोटलेलं मिळतं आणि अंगाला हात लावण्याआधी सांगितलं जातं. रात्री एक जण जागा असतो, झोपलेला नाही. काही लागलं, खरचटलं, वाद झाला, तर संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळवतो. दोष आमचा असला तरी. मुलांचे फोटो फक्त तुमच्या फोनवर पाठवतो, स्टेटसला लावत नाही. तुम्ही न सांगता कधीही येऊ शकता.

कागदपत्रं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठीची संस्था चालवता येत नाही. आमचं प्रमाणपत्र दारातच लावलंय, वाचून घ्या. आमच्या विशेष शिक्षिकेची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे, तो क्रमांकही मागा. येताना यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) प्रत, असेल तर नॅशनल ट्रस्टच्या 'निरामया' आरोग्य विम्याचं कार्ड (त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं) आणि चालू औषधांची चिठ्ठी आणा.

मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना उशिरा कळतं. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्व देते. तुम्ही परगावी असताना दवाखान्यात सही लागली तर हा कागद कामी येतो. अर्ज लिहायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

पहिली भेट

पहिल्याच वेळी एकदम चार दिवसांसाठी कुणालाही घेत नाही, घरी कितीही निकड असली तरी. तुमची ओढाताण आम्हाला दिसते, आणि नाही म्हणताना वाईट वाटतं. पण पहिली ओळख भीतीची झाली तर ती पुसायला वर्ष जातं. म्हणून निकड येण्याआधी या. आधी सगळे मिळून चहाला या. मग अर्धा दिवस तो एकटा. मग एक रात्र. त्याआधी आम्ही एक छोटी फोटोंची वही घरी देतो: हे दार, ही तुझी खाट, ही ताई, हा संडास, आणि शेवटच्या पानावर आई न्यायला आली आहे तो फोटो. रोज झोपताना दाखवा. जाताना "लगेच येते" सांगून निसटू नका. किती झोपा झाल्या की येणार ते सांगा आणि त्याच वेळेला या.

नळीनं अन्न घेणाऱ्या किंवा फिट्स अजून आटोक्यात नसलेल्या मुलांना आम्ही घेत नाही. चोवीस तास नर्स आमच्याकडे नाही.

गणपतीच्या शेवटच्या पाच दिवसांत नव्या मुलाची पहिली रात्र ठेवत नाही. ढोलताशांचा आवाज इथेही पोचतो आणि ज्याचे कान हळवे आहेत त्याला ते दिवस घरीच बरे. दिवाळीतल्या फटाक्यांचंही तेच. लग्नसराईतल्या तारखा लवकर भरतात, म्हणून मुहूर्त ठरला की लगेच कळवा. एखाद्या घरी अचानक दवाखान्याची वेळ आली तर म्हणून सहांपैकी एक खाट आम्ही कायम मोकळी ठेवतो. ती आमच्याकडे आधी राहून गेलेल्या मुलांसाठी असते.

दर दिवसावर आणि रात्रीवर आहेत, डिपॉझिट नाही. पूर्ण रक्कम जमत नसेल तर बोला. बॅगेत त्याची रोजची चादर घाला, न धुतलेली. घरचा वास असला की झोप लवकर लागते.