अँजिओटेन्सिन रिसेप्टर ब्लॉकर (एआरबी)

लोसार्टन, टेल्मिसार्टन, व्हल्सार्टन, ओल्मेसार्टन, कॅन्डेसार्टन अशा ज्या बीपीच्या गोळ्या आहेत त्या सगळ्या याच गटातल्या. बीपीशिवाय हार्ट फेल्युअर, अटॅकनंतर कमजोर झालेलं हृदय आणि डायबेटिसमुळे लघवीतून प्रोटीन जात असेल तर किडनी वाचवायलाही यातल्या काही गोळ्या देतात. पहिली बाजारात आली ती लोसार्टन, अमेरिकेत १९९५ ला मंजुरी मिळाली.

काम कसं चालतं बघा, किडनी रेनिन नावाचं एन्झाइम सोडते, त्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन १ तयार होतं, एसीई नावाचं एन्झाइम त्याचं अँजिओटेन्सिन २ करतं आणि खरा त्रास या २ नंबरवाल्याचा, कारण ते एटी१ रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या कुलपासारख्या जागेला, चिकटलं की रक्तवाहिन्या आवळतात, अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढून शरीरात मीठ आणि पाणी साठतं, आणि वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं तर हृदयाचा स्नायू जाड होत जातो. एआरबी त्या रिसेप्टरवर आधीच जागा धरून बसतात, म्हणजे कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवल्यासारखं, मग अँजिओटेन्सिन २ रक्तात कितीही असू दे.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल या एसीई इन्हिबिटर गोळ्या त्याच साखळीत एक पायरी आधी अडवतात. पण ते एसीई एन्झाइम शरीरातलं ब्रॅडिकायनिन नावाचं रसायनही मोडत असतं, ते बंद केलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि बऱ्याच जणांना कोरडा खोकला लागतो जो कफ सिरपने जातच नाही. एआरबी एन्झाइमला हातच लावत नाहीत त्यामुळे हा खोकला सहसा होत नाही, आणि माझ्या मते हाच यांचा सगळ्यात मोठा फायदा, कारण बीपीची गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते, त्रास व्हायला लागला की लोक ती गुपचूप बंद करतात.

ताकदीत मात्र फार फरक नाही. २००८ च्या ऑनटार्गेट अभ्यासात २५ हजारांवर पेशंट होते, टेल्मिसार्टन रॅमिप्रिलच्या बरोबरीची निघाली, दोन्ही एकत्र दिल्यावर जास्तीचा फायदा काहीच नाही, उलट बीपी फार उतरणं आणि किडनीचा त्रास वाढला. म्हणून हे दोन गट एकत्र देत नाहीत.

गरोदरपणात या गोळ्या अजिबात चालत नाहीत, बाळाच्या किडनीला इजा होते, त्यामुळे दिवस राहिल्याचं कळलं की लगेच डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यायची. पोटॅशियम वाढू शकतं म्हणून गोळी सुरू केल्यावर एकदोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासतात, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेक वेळा चालवून घेतात. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा, आणि तेव्हा आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर मनाने घेऊ नका, किडनीवर दुहेरी ताण येतो.

हार्ट फेल्युअरमध्ये आता व्हल्सार्टनला सॅक्युबिट्रिल या दुसऱ्या औषधाची जोड देतात. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ अभ्यासात ही जोडगोळी एनालाप्रिलपेक्षा सरस ठरली, हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट व्हायची वेळ, याचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी कमी झाला.