बंद कप्प्यातील मोटार-बॅटरीचे वायुनिःसारण

मोटारीची बॅटरी डिकीत, आसनाखाली किंवा प्रवासी कक्षाला लागून असलेल्या कप्प्यात बसवलेली असते तेव्हा चार्जिंगमध्ये तिच्यातून निघणारा हायड्रोजन आणि ॲसिडचे सूक्ष्म तुषार नळीने गाडीबाहेर सोडण्याची व्यवस्था. बॉनेटखालच्या बॅटरीला सहसा अशी नळी लागत नाही, कारण तिथे हवा खेळती असते. मूळ मॉरिस मिनीची (१९५९) बॅटरी डिकीत होती आणि जुन्या फोक्सवॅगन बीटलची मागच्या आसनाखाली. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्या, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आणि टोयोटा प्रियसच्या काही पिढ्या यांतही १२ व्होल्टची बॅटरी मागे असते. वजनाचा समतोल, इंजिनाच्या उष्णतेपासून बचाव आणि पुढे जागेची टंचाई ही त्यामागची कारणे.

शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज होत आली की प्लेटांना न लागणारा विद्युत्प्रवाह पाण्याचे विघटन करू लागतो. प्रत्येक सेलचा (बॅटरीतल्या स्वतंत्र कप्प्याचा) विद्युतदाब २.३५ ते २.४ व्होल्टच्या वर गेला, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीवर १४.१ ते १४.४ व्होल्टच्या पुढे, की बुडबुडे जोरात सुटतात. ‘पाणी उडते’ असे गॅरेजमध्ये म्हणतात ते हेच. अशा जादा चार्जिंगच्या दर ॲम्पिअर-तासाला सहा सेल मिळून सुमारे २ ग्रॅम पाणी खर्च होते आणि २५ अंश सेल्सिअसला साधारण २.७ लिटर हायड्रोजन व त्याच्या निम्मा ऑक्सिजन तयार होतो. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेऊ शकतो आणि त्याला सुमारे ०.०२ मिलिजूल इतकी ठिणगी पुरते. सैल टर्मिनलवरची ठिणगी त्याच्या कितीतरी पट मोठी असते.

रेग्युलेटर (चार्जिंगचा विद्युतदाब मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडून बॅटरीत ५ ॲम्पिअर जादा प्रवाह जात राहिला, तर तासाला १३ ते १४ लिटर हायड्रोजन निघेल. बॅटरीभोवतीच्या बंद पेटीत ४० लिटर हवा असेल, तर तिथे ४ टक्क्यांची मर्यादा सातेक मिनिटांत गाठली जाते. चारशे लिटरच्या डिकीला त्याच हिशेबाने तासाहून जास्त वेळ लागतो, पण तो आकडा सगळीकडे सारखे मिश्रण झाल्याचे गृहीत धरतो. बॅटरीच्या झाकणालगत आणि वरच्या कोपऱ्यांत प्रमाण त्याच्या आधीच धोक्याचे होते. म्हणून व्यवहारात १ टक्क्याच्या खाली राहणे हेच ध्येय ठेवावे. उन्हाळा हा हिशेब आणखी बिघडवतो: तापमान अंशाने वाढले की योग्य चार्जिंग विद्युतदाब १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी सुमारे ०.०२ व्होल्टने उतरतो. विदर्भातल्या ४५ अंशांत २५ अंशांसाठी ठरवलेला दाब जवळजवळ ०.४ व्होल्टने जास्त ठरतो.

‘मेंटेनन्स फ्री’ म्हणजे वायू न सोडणारी, हा समज सर्वांत घातक आहे. अशा बॅटरीत पाणी घालायची बुचे नसतात, पण झाकणाच्या कडेला श्वासछिद्र असतेच. ते नसते तर बॅटरी फुगून फाटली असती. एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले) आणि जेल (ॲसिड घट्ट केलेले) प्रकारांत बहुतेक ऑक्सिजन आतच पुन्हा पाण्यात बांधला जातो आणि बाहेर पडणारा वायू अत्यल्प असतो. तरीही त्यांना सुरक्षा-झडप असते, आणि जादा चार्जिंगमध्ये ती उघडते. डिकीतल्या एजीएम बॅटरीलाही नळी लावावीच.

डिकीसाठी बनवलेल्या बॅटरीत सगळ्या सेलचा वायू झाकणातल्या एका सामाईक मार्गिकेत येतो. तिची तोंडे दोन्ही टोकांना असतात. एका तोंडाला नळी, दुसऱ्याला प्लास्टिकचे बूच, अशी जोडणी करायची. दोन्ही तोंडे बंद झाली तर वायूचा दाब आत साठतो, आणि दोन्ही उघडी राहिली तर नळी असूनही निम्मा वायू डिकीत येतो. तोंडाच्या आत सच्छिद्र प्लास्टिकची चकती असते. ती ज्वाळारोधक आहे. नळीतून जाणारे मिश्रण हायड्रोजन दोन भाग, ऑक्सिजन एक भाग असे, म्हणजे सर्वांत स्फोटक प्रमाणाचे असते. बाहेर पेटलेली ज्योत नळीतून मागे येऊन सेलमध्ये शिरू नये हे त्या चकतीचे काम. मार्ग तुंबला म्हणून ती सुईने टोचणारे कारागीर आहेत. तसे कधीही करू नये.

नळी आतून ६ ते ८ मिमी व्यासाची, आम्लाला टिकणाऱ्या ईपीडीएम रबराची किंवा पॉलिएथिलीनची घ्यावी. पेट्रोलची जुनी होज चालत नाही. नळीच्या टोकाचा काटकोनी जोड बॅटरीच्या तोंडात घट्ट बसला पाहिजे. तिथून नळी तळाच्या पत्र्यातल्या भोकाकडे सतत उताराने न्यावी आणि भोकात रबरी ग्रोमेट (भोकाची कडा झाकणारी कडी) बसवावा, नाहीतर पत्र्याची धार तिला कापते. हायड्रोजन हवेहून चौदापट हलका असताना नळी खाली का, असे विचारले जाते. नळीत वायू आपल्या हलकेपणाने जात नाही, आतल्या दाबाने ढकलला जातो. उतार हवा तो सोबत येणाऱ्या आम्लयुक्त पाण्यासाठी. मध्ये झोळ पडला की ते पाणी तिथे साचून बूच बसल्यासारखे होते. टोक पत्र्याच्या ३ ते ५ सेंमी खाली, ४५ अंशांत तिरपे कापून गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून ठेवावे. सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या आणि चाकाच्या चिखलाचा मारा यांपासून ते दूर असावे.

झाकणाला नळीचे तोंडच नसलेली बॅटरी वापरायची वेळ आली, तर तिच्याभोवती हवाबंद पेटी करून पेटीलाच बाहेरच्या हवेशी जोडावे लागते. इथे मात्र वायू पेटीतल्या हवेत मिसळतो आणि पातळ करण्यासाठी हवा खूप लागते. एका जागी बसवलेल्या बॅटऱ्यांसाठीच्या आयईसी ६२४८५-२ या आंतरराष्ट्रीय मानकातले सूत्र अंदाजाला उपयोगी पडते. पाणी असलेली ६० ॲम्पिअर-तासाची बॅटरी जोरात चार्ज होत असताना त्यानुसार तासाला ०.३६ घनमीटर हवा लागते, आणि हवा आपोआप खेळवायची तर आत येण्यासाठी व बाहेर जाण्यासाठी प्रत्येकी सुमारे १० चौ. सेंमी जागा, म्हणजे ३६ मिमी व्यासाचे एकेक भोक. आत येणारे भोक तळाशी आणि बाहेर जाणारे झाकणालगत ठेवायचे. दोन्हींची तोंडे गाडीबाहेर काढावीत, डिकीत नव्हे. म्हणूनच नळीचे तोंड असलेली बॅटरी शोधणे हा केव्हाही सोपा आणि चांगला मार्ग.

बिघाड बहुधा बॅटरी बदलताना सुरू होतो. नव्या बॅटरीचे तोंड विरुद्ध बाजूला निघते, नळी पोहोचत नाही आणि ती तशीच लोंबत सोडली जाते. कधी बूच जुन्या बॅटरीसोबत भंगारात जाते. गाडी सुरू होते, म्हणून कुणाला काही कळत नाही. महिन्यांनी बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा गंजलेला, रंग फुगलेला आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते. अशा जागी खाण्याच्या सोड्याचे पाणी फेस थांबेपर्यंत लावून धुवावे, पण ते बॅटरीच्या छिद्रात जाऊ देऊ नये. कोकणातल्या पावसाळ्यात तांबडा चिखल नळीच्या टोकात वाळतो, आणि बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत कुंभारीण माशी तिथे मातीचे घर करते. तपासणीसाठी नळी बॅटरीपासून सोडवावी, खालचे टोक पाण्याच्या पेल्यात धरावे आणि वरून रबरी फुग्याने हवा सोडावी. बुडबुडे आले म्हणजे मार्ग मोकळा. तोंडाने ओढू नये, त्यात आम्ल असते. कॉम्प्रेसरची हवा बॅटरीत मारू नये.

सडक्या अंड्यांचा वास हा वेगळा इशारा आहे. बॅटरी अति तापल्यावर हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो विषारी असतो आणि थोड्या वेळात नाक त्याला बधिर होते, तेव्हा वास थांबला म्हणजे धोका टळला असे नाही. खिडक्या उघडून गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे, उतरून दूर उभे राहावे आणि बॅटरी थंड होईपर्यंत हात लावू नये. त्यानंतर अल्टरनेटरचा (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) विद्युतदाब मोजावा. उष्ण बॅटरीवर १५ व्होल्ट दिसत असतील तर दोष रेग्युलेटरचा धरावा.

बहुतेक स्फोटांत मिश्रण बॅटरीच्या आतच, ॲसिडच्या पातळीवरच्या मोकळ्या जागेत पेटते. पाणी कमी झालेल्या बॅटरीत ती जागा मोठी असते, आणि आतला एखादा जोड तुटलेला असेल तर स्टार्टर फिरवतानाच ठिणगी पडते. बाहेरची ठिणगी टाळणे आपल्या हातात आहे. डिकी उघडून दहा मिनिटे थांबावे. चार्जर बंद असताना चिमटे लावावेत आणि मगच मुख्य बटण सुरू करावे. सोडताना ऋण टर्मिनल आधी, जोडताना शेवटी. जंप स्टार्टसाठी (दुसऱ्या बॅटरीने गाडी सुरू करण्यासाठी) बॅटरी मागे असलेल्या गाड्यांना बहुधा बॉनेटखाली स्वतंत्र धन टोक दिलेले असते. तेच वापरावे आणि शेवटचा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या किंवा चासीच्या उघड्या धातूवर लावावा.