बॅटरी: एक नमुना ते लाख नग

नमुन्याचं कास्टिंग चांगलं निघालं म्हणजे ऑर्डर खिशात आली असं नसतं, हे कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फौंड्रीवाल्यांना कुणी शिकवायला नको. हजाराव्या नगातही ब्लोहोल (हवेची पोकळी) सापडता कामा नये. ‘नवी बॅटरी आली, इंजिनाचे दिवस भरले’ अशी बातमी वाचून इंजिनाचं सिलिंडर हेड ओतणाऱ्याच्या पोटात गोळा येतो खरा, पण बॅटरीलाही याच ट्रायलमधून जावं लागतं.

लिथियम-आयनचंच बघा. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉनमध्ये (होय, तेलकंपनीतच!) टायटॅनियम डायसल्फाइड वापरून लिथियमची बॅटरी केली. पण चार्ज होताना लिथियम धातूवर सुया उगवायच्या, त्या बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या की शॉर्टसर्किट. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्डला टायटॅनियम डायसल्फाइडच्या जागी कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणलं. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी धातूच्या जागी कार्बन घातला आणि जीव भांड्यात पडला. तरी सोनीची बॅटरी बाजारात यायला १९९१ उजाडलं. कॅसेटच्या टेपवर लेप चढवण्याचा सोनीचा हात बसलेला होता, तो इथे कामी आला. सुरुवातीचं एक गिऱ्हाईक व्हिडिओ कॅमेरा. मोटारगाडी फार पुढची. या तिघांना नोबेल मिळालं २०१९ मध्ये, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

आज अनेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत असलेलं लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायनही जुनंच. गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत अक्षय पाधी यांनी त्यावर काम केलं, शोधनिबंध आला १९९७ मध्ये. त्यातून वीज नीट वाहायची नाही. कण बारीक करून त्यावर कार्बनचा थर दिल्यावर जमलं. त्यावर उभी राहिलेली अमेरिकेतली ए१२३ ही कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि मैदान मारलं चीनने.

वेळ खातं ते टेस्टिंग. दिवसाला तीन वेळा चार्ज-डिस्चार्ज धरलं, तरी हजार फेऱ्यांना जवळजवळ वर्ष लागतं. मध्येच बॅटरीतला मसाला (रसायन) बदलला की पुन्हा एकपासून मोजणी.

शिवाजी विद्यापीठात सुपरकपॅसिटरसाठी (झटपट चार्ज होणारं वीज साठवायचं साधन) पातळ थरांवर वर्षानुवर्षं काम झालंय. पण बोटभर पट्टीवरचा थर वेगळा आणि किलोमीटरभर फॉइलवर तोच थर एकसारखा चढवणं वेगळं. पुण्यात केपीआयटीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं, त्यामागे आयसर या विज्ञान संस्थेबरोबरचं काही वर्षांचं काम होतं. केपीआयटी ही सॉफ्टवेअरवाली कंपनी; नग पाडायला कारखानदार दुसराच लागणार.