रेस जिंकतो तो ब्रेकवाला

सोलापुरात सात रस्त्यावर चहा पिताना पोरांच्या तोंडी हमखास ऐकू येतं: "रेसमध्ये काय, ॲक्सिलरेटर दाबून धरायचा. ज्याची छाती मोठी तो पुढं." पुणे हायवेवर गाडी १४०ला नेली की आपणही रेसर, असा समज त्यातूनच होतो. तो साफ चुकीचा आहे.

सरळ रस्त्यावर गाडी कुणीही पळवेल. खरा खेळ वळणाच्या तोंडाशी आहे. फॉर्म्युला वनची गाडी ३०० च्या वेगानं येते आणि जेमतेम दोन सेकंदांत शंभरच्या आसपास उतरते. त्यासाठी ड्रायव्हर ब्रेकवर शंभर किलोहून जास्त जोर देतो. मग वळणात शिरताना तोच पाय हळूहळू, अगदी मापात उचलायचा. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या टायरांवर येतं, त्यांची पकड वाढते, गाडी वळते. पाय झटक्यात उचलला तर पुढची पकड जाते आणि गाडी बाहेर फेकली जाते. जास्त वेळ दाबून ठेवला तर मागचं चाक घसरतं. हे सगळं पावलाला कळावं लागतं, आणि मला तरी या खेळातला खरा थरार तिथेच वाटतो.

"ड्रायव्हर काय, बसूनच तर असतात," हेही खोटं. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरा. वळणात पाचपट जोर आला की मानेवर बत्तीस किलो. सिंगापूरच्या रेसमध्ये, दमट रात्री, ड्रायव्हरचं दोन-तीन किलो वजन घामावाटे जातं. मे महिन्यात सोलापुरात बंद गाडीत, काचा वर करून दोन तास बसल्यावर काय होईल, याचा अंदाज आपल्याला वेगळा सांगायला नको.