कोलंबस, इंडियाना : उद्योग व अर्थजीवन

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील, इंडियानापोलिसच्या दक्षिणेस सुमारे ७५ किमी.वरील औद्योगिक शहर. लोकसंख्या सुमारे ५० हजार (२०२०). ओहायोची राजधानी असलेले कोलंबस ते वेगळे. दोहोंची गल्लत नेहमी होते. भोवताली मका-सोयाबीनची शेते आहेत, पण गावाची चूल पेटते ती डिझेल इंजिनावर, कारण कमिन्स कंपनीचे मुख्यालय येथे आहे.

क्लेसी कमिन्स हा आयर्विन घराण्याचा मोटारचालक, हाडाचा मिस्त्री. बँकर विल्यम ग्लँटन आयर्विन यांच्या पैशावर १९१९ मध्ये कंपनी निघाली आणि बरीच वर्षे तोट्यातच राहिली. १९२९ च्या नाताळात क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड गाडीत डिझेल इंजिन बसवले आणि मालकांना तिच्यातून फिरवून आणले. थैली पुन्हा सैल झाली. पहिला नफा दिसायला मात्र १९३७ उजाडले.

पुढे त्याच घराण्यातील जे. आयर्विन मिलर यांनी कंपनी मोठी केली. या आडगावी चांगले इंजिनिअर यावेत, टिकावेत, तर शाळा चांगल्या हव्यात, हा त्यांचा हिशेब. कमिन्स फाउंडेशनने सुचवलेल्या यादीतील वास्तुविशारद निवडला, तर सार्वजनिक इमारतीच्या आराखड्याची फी फाउंडेशन भरी. त्यातून नामवंतांनी बांधलेल्या शाळा, अग्निशमन केंद्रे उभी राहिली. याला दानधर्म म्हणावे की नोकरभरतीचा खर्च, हे ज्याने त्याने ठरवावे. आयर्विन बँकेची १९५४ ची इमारत नामवंत वास्तुविशारद ईरो सारिनेन याची आहे. काचेच्या भिंती, आणि कॅशियरपुढे गजांचा पिंजरा नाही. त्या काळी हे नवलच होते. ही बँक २००९ च्या मंदीत बुडाली. जिच्या घराण्याच्या पैशावर कमिन्स उभी राहिली, तिच्याच वास्तूत पुढे कमिन्सच्या सभा भरू लागल्या.

अशी उलटापालट शहरात वारंवार घडली आहे. मफलर बनवणारी आर्विन ही दुसरी मोठी स्थानिक कंपनी २००० मध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मेरिटॉर कंपनीत विलीन झाली आणि तिचे मुख्यालय मिशिगनला गेले. २०२२ मध्ये कमिन्सने मेरिटॉरच विकत घेतली. टोयोटाचा फोर्कलिफ्ट कारखाना हा वेगळा आधार आहे, तरी पारडे कमिन्सच्याच बाजूला झुकलेले आहे. त्यामुळे पिकअप गाड्यांच्या इंजिनांतील प्रदूषण-नियंत्रणाबाबत कमिन्सने २०२३ अखेर १६७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला, ती बातमी येथे घरचीच होती.

पुण्याशी या शहराचे नाते १९६२ पासूनचे, किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली तेव्हापासूनचे. १९९७ नंतर किर्लोस्करांचे नाव गळून ती ‘कमिन्स इंडिया’ झाली. कर्वेनगरच्या मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला लागलेले ‘कमिन्स’ हे नाव याच मोटारचालकाचे.