डायल-अप इंटरनेटचे अनपेक्षित फोनबिल

डायल-अप पद्धतीने, म्हणजे टेलिफोन लाइनवरून फोन लावून, इंटरनेट वापरणाऱ्याच्या टेलिफोन बिलात त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त रक्कम येणे, ही १९९० च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अनेक देशांत वारंवार होणारी तक्रार होती. काही बिले ग्राहकाच्या गैरसमजातून फुगली, काही यंत्राच्या सवयींमुळे, तर काही सरळ फसवणुकीतून. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी होती: फोन चालू आहे हे माणसाला जाणवत नसे, कारण रिसीव्हर जागेवरच असे.

मुळात इथे दोन मीटर चालत. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीची वर्गणी हे एक खाते. संगणकातला मोडेम, म्हणजे संगणकाला टेलिफोन लाइनशी जोडणारे यंत्र, त्या कंपनीच्या क्रमांकावर जो फोन लावी, त्याचे पैसे हे दुसरे. लाइनवर माणूस बोलतो आहे की मोडेम, याच्याशी एक्स्चेंजला कर्तव्य नसे; लाइन किती वेळ जोडलेली आहे एवढेच ते मोजी. म्हणून ‘अमर्याद इंटरनेट’ घेतलेल्या ग्राहकाचाही दुसरा मीटर चालूच राहू शके. अमेरिका ऑनलाइन या कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये महिना १९.९५ डॉलरमध्ये अमर्याद वापर सुरू केला. अमेरिकेत बहुतेक घरगुती ग्राहकांना लोकल कॉल मिनिटावर मोजून लावला जात नसे, म्हणून तिथे तो शब्द बऱ्याच अंशी खरा ठरला. युरोपात मात्र लोकल कॉललाही मीटर होता. स्पेनमधल्या ग्राहकांनी सप्टेंबर १९९८ मध्ये दरवाढीविरुद्ध एक दिवस इंटरनेट न वापरण्याचा संप केला. ब्रिटनमध्ये ऑफटेल या नियामक संस्थेने २००० साली बीटी या टेलिफोन कंपनीला इतर सेवा कंपन्यांसाठी, वापर कितीही झाला तरी न बदलणारे ठरावीक घाऊक दर ठेवायला लावले, तेव्हा मिनिटांचा हिशेब मागे पडू लागला.

अमेरिकेतल्या ग्राहकाचीही यातून पूर्ण सुटका नव्हती. कंपनीच्या यादीतून जोडणीचा क्रमांक निवडताना एरिया कोड आपलाच आहे एवढे पाहून लोक निश्चिंत होत. पण एरिया कोड एक असला म्हणजे कॉल लोकल असतोच असे नाही. तो क्रमांक लोकल हद्दीबाहेरचा निघाला की रोजची जोडणी लांब पल्ल्याच्या दराने मोजली जाई. खात्री करण्याची जबाबदारी कंपन्या अटींमध्ये ग्राहकावर टाकून मोकळ्या होत.

वेळ किती लागे याचाही अंदाज नवख्याला नसे. ५६ किलोबिटचा मोडेम प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ५ किलोबाइट उतरवी, म्हणजे १० मेगाबाइटच्या फाइलला अर्ध्या तासाहून अधिक. शेवटाकडे लाइन तुटली की बहुधा पहिल्यापासून सुरुवात, आणि जिथे प्रत्येक कॉलला किमान आकार होता तिथे पुन्हा जोडण्याचे पैसे वेगळे. वाचून झाले, पडद्यावरची खिडकी बंद केली, तरी जोडणी आपोआप तुटेलच असे नव्हते. रात्रभर लाइन लागून राहिल्याचे सकाळी कळे. जोडणी नसेल तर आपणहून फोन लावायची सोय संगणकात होती. ती चालू असली की ईमेल तपासणारा प्रोग्राम दर काही मिनिटांनी नवा कॉल करी. आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन लाइनवर हे आणखी महाग पडे. कार्यालयातले संगणक एकमेकांची नावे शोधण्यासाठी जे संदेश सोडत, तेवढ्यानेही राउटर, म्हणजे त्या संगणकांना बाहेरच्या लाइनशी जोडणारे यंत्र, बाहेर फोन लावी. आणि १२८ किलोबिटचा वेग मिळवण्यासाठी दोन वाहिन्या जोडल्या तर ते दोन कॉल धरले जात.

सर्वांत मोठी बिले मात्र ‘डायलर’ नावाच्या प्रोग्राममुळे आली. हा प्रोग्राम चालू जोडणी तोडून महागड्या प्रीमियम क्रमांकावर (ज्याचा दर नेहमीपेक्षा बराच जास्त असतो आणि त्यातला वाटा क्रमांक चालवणाऱ्याला मिळतो) किंवा परदेशात नवा कॉल लावी. मोडेमचा स्पीकर आज्ञा देऊन बंद करता येतो, त्यामुळे डायल होतानाचा ओळखीचा आवाजही ऐकू येत नसे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९७ मध्ये हाताळलेल्या एका प्रकरणात, फुकट चित्रे पाहण्यासाठी म्हणून दिलेला प्रोग्राम पूर्व युरोपातल्या मोल्दोवा देशाचा क्रमांक फिरवत होता. संकेतस्थळ सोडले तरी कॉल सुरूच राही. तडजोडीनंतर ३८,००० हून अधिक ग्राहकांना सुमारे २७ लाख डॉलर परत देण्याचे ठरले. दूरचे छोटे देश अशा कामी निवडले जात, कारण तिथे कॉल पोहोचवण्याचा दर मोठा असे आणि त्यातला वाटा कॉल वळवणाऱ्याला मिळे. आयर्लंडच्या नियामकाने २००४ मध्ये तेरा ठिकाणांचे थेट डायलिंगच बंद केले; त्यांत पॅसिफिकमधली अनेक बेटे होती.

बिलावरून होणारा वाद ग्राहकाला जड जाई. कॉल त्याच्याच लाइनवरून गेलेला, एक्स्चेंजची नोंद बिनचूक. ‘मी फोन केलाच नाही’ हेही तितकेच खरे. बिल महिन्याने किंवा त्याहून उशिरा हातात पडेपर्यंत संगणकावरचा पुरावाही पुसला गेलेला असे, कारण काही डायलर काम झाल्यावर स्वतःला काढून टाकत. या कोंडीत जर्मनीने घेतलेली भूमिका सर्वांत न्याय्य म्हणावी लागेल. ऑगस्ट २००३ च्या कायद्याने तिथे डायलरची नोंदणी सक्तीची झाली, दराला कमाल मर्यादा आली आणि एक तासानंतर जोडणी तोडणे बंधनकारक झाले. ४ मार्च २००४ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवले, की नकळत शिरलेल्या डायलरचे पैसे ग्राहकाने देणे लागत नाही. प्रीमियम क्रमांकांतून टेलिफोन कंपनीही कमावते, तेव्हा त्यातला धोकाही तिनेच सोसावा, असा त्यामागचा विचार होता.

उपाय साधे होते, पण बहुतेकांना ते पहिल्या मोठ्या बिलानंतरच कळत. जोडणीत नोंदलेला क्रमांक अधूनमधून पाहणे, परदेशी व प्रीमियम कॉल एक्स्चेंजकडून बंद करून घेणे, काम नसताना मोडेमची तार भिंतीतून काढणे. बाहेरच्या मोडेमचे दिवेही उपयोगी पडत, कारण लाइन लागलेली आहे हे ते दाखवत. ब्रॉडबँडमध्ये फोन लावायची गरजच उरली नाही आणि डायलर निकामी झाला. अपवाद फक्त त्या घरांचा, जिथे जुन्या मोडेमची तार भिंतीत तशीच खोचलेली राहिली होती.