मुंबईची मैदाने मोकळी का राहिली

आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही जागा मुळात खेळासाठी राखलेली नव्हती; ती तोफांसाठी होती. कोटावरून, म्हणजे इंग्रजांच्या तटबंद शहराच्या भिंतीवरून, मारा करताना आडवे काही येऊ नये म्हणून भिंतीबाहेरची घरे पाडली, माड तोडले. त्या उघड्या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणत.

कोटाची भिंत १७१६ च्या सुमारास पुरी झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इंग्रजांची झोप उडाली. भिंतीभोवती खंदक खणायला शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली. तेव्हा लष्कराची आणि पेढीची भीती एकच होती.

पण कोटात घरे, वखारी, दुकाने दाटत गेली. १७ फेब्रुवारी १८०३ ला बाजारात आग लागली. ती बॉम्बे कॅसलकडे, म्हणजे दारूगोळ्याकडे सरकू नये म्हणून वाटेतली घरे तोफा डागून पाडावी लागली. आगीनंतर सरकारला मोकळी जागा वाढवून देशी वस्ती कोटाबाहेर न्यायची होती. ऐपतदार व्यापाऱ्यांनी हट्टाने आत पुन्हा घरे बांधली; हलावे लागले ते ज्यांच्याकडे पैसा आणि शब्दाला वजन नव्हते त्यांना. ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात फार कमी सांगितली जाते, आणि ती सांगायलाच हवी.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. ज्यांच्या धास्तीने खंदक खणला, तेच उरले नाहीत. कापसाचे ढीग मात्र सेंट थॉमस चर्चसमोरच्या मैदानात, बॉम्बे ग्रीनवर, रचले जात होते. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला.

मग अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी १८६२ पासून भिंती पाडायला घेतल्या, खंदक बुजवला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीचे भूखंड विकले. ओव्हलच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट उभे राहिले.

सैन्याने सगळे सोडले नाही. कुलाब्याची छावणी राहिली, बॉम्बे कॅसल आज नौदलाकडे आहे. मरीन लाइन्स हे नावही तिथल्या मरीन बटालियनच्या वसाहतीवरून पडले. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जुन्या तटबंदीचा काळपट दगडी तुकडा अजून उभा आहे.